देवीला घेऊन दवाखान्यात

देवीची एवढी सेवा होणाऱ्या घरात हे का यावं, हा प्रश्न मला तेव्हा रात्रंदिवस छळत होता. दिवस भरत आले असताना माझ्या अंगावर कांजण्या उठल्या. आमच्या सावली तालुक्यात त्याला माता आली म्हणतात. माता घरात असेपर्यंत फोडणी नाही, औषध नाही, उंबरा ओलांडणं नाही. बाळंतपणसुद्धा घरीच झालं. मुलगी झाली. थोड्याच दिवसांत तिच्याही अंगावर फोड आले, मग पायांवर जांभळे चट्टे पसरले आणि नाळेतून येणारं रक्त थांबेना.

नवऱ्याला काही सुचत नव्हतं, मी नुसती रडत होते. सासूबाईंपुढे दवाखान्याचं नाव काढायची तर कोणाची छातीच नव्हती. वैनगंगेत जाळं टाकून लेकरं वाढवलेली बाई, आणि गावात मातेचे नियम सांगायच्या त्याच. त्यांनी बाळाकडे पाहिलं आणि देवीपुढची कडुलिंबाची डहाळी उचलली. "माता आपल्या घरची पाहुणी आहे. पाहुणीले कोंडून ठेवते का कोणी? तिलेच संगं घेऊन दवाखान्यात जाऊ. ऊठ."

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, माझ्या आजाराची लागण बाळाला झाली होती. रक्त आतल्या आत नको तिथे गोठत होतं, त्यामुळे हवं तिथे गोठायला काही उरलं नव्हतं. तातडीनं प्लेटलेट हव्या होत्या आणि आमच्यातल्या कोणाचं रक्त चालेना. सासूबाई वऱ्हांड्यात डहाळी धरून बसून राहिल्या. धानोऱ्याकडच्या जंगलातला एक अनोळखी माणूस आजारी भावाला भेटायला आला होता, तो डहाळी पाहून थांबला.

"बाई, कोणाले माता आली?"

"नातीले. रक्त पाहिजे, भाऊ."

त्यानं चप्पल काढून हात जोडले. "माह्यं चालते का पाहा."

चाललं. चहासुद्धा न घेता तो भावाकडे निघून गेला. त्याला देवीनं पाठवलं की तो मुळातच भला होता, या वादात मी पडत नाही. दोघांनाही रोज नमस्कार करते. देवीवर भार टाकून पाऊलही उचलायचं असतं, हे मी सासूबाईंकडून शिकले. अशा घरात मी सून म्हणून आले, याचा मला फार अभिमान वाटतो.

लेक आता रांगते. परवा शेजारणीनं सासूबाईंना विचारलंच, "मातेले उंबऱ्याबाहेर नेलं, ते कोपली नाई का जी?"

सासूबाईंनी नातीला उचलून शेजारणीच्या मांडीवर ठेवलं. "हे घे. हिलेच विचार."