मे महिन्यातली सावली

शेजारच्या घरातून पापलेट आलं की समजावं, काहीतरी मागणं आहे. त्या दिवशी ताटलीत दोन होती, तीही तळहाताहून मोठी. पाठोपाठ शेजारी स्वतःच आला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला घराचा प्लॅन घेऊन.

आमचं घर वर्सोव्याच्या कोळीवाड्यात, खाडीकडच्या टोकाला. समोर अंगण आणि अंगणाच्या दक्षिणेला या शेजाऱ्याचं बैठं घर. मी त्याला लहानपणापासून दादूस म्हणते. स्वतःची बोट, दोन मुलगे, आणि बोलणं इतकं गोड की मला कधीच भरवसा वाटला नाही. त्याला घरावर दोन मजले चढवायचे होते. आमच्या गावकीचा शिरस्ता असा, की मजला चढवायचा तर दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची सही लागते. पलीकडच्यांची झाली होती. राहिली होती माझ्या आईची.

त्या अंगणात आईची वलांडी होती. बांबू रोवून, दोऱ्या ताणून केलेली, बोंबील सुकवायची. वडील गेल्यावर याच दोऱ्यांवर तिने मला वाढवलं, शिकवलं. बोंबलाला ऊन कमी पडलं की तो आतून ओला राहतो, वास मारतो आणि फेकावा लागतो. अंगणातलं ऊन गेलं तर आईचं काम गेलं, इतकं ते सरळ होतं.

"काकी, पोरांची लग्नं झाली. झोपाला जागा नाय," दादूस म्हणाला. "तुजी सही झाली का काम चालू करतो."

आई लगेच पेन शोधायला उठली. मी तिला हाताला धरून खाली बसवलं.

"प्लॅन ठेवून जा," मी त्याला म्हटलं. "मी बघते."

मी अंधेरीच्या एका कंपनीत दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका शोधते. वीस वर्षं तेच केल्यावर माणसाची नजर बिघडते. तीन संध्याकाळ मी त्या प्लॅनवर घालवल्या. प्रत्येक मजल्यावर दोन संडास! मुलगे दोन, मग चार संडास कोणासाठी? जिना बाहेरून काढलेला. म्हणजे भाडेकरू भरायचे आणि पुढे सगळं बिल्डरच्या घशात घालायचं. त्याच आठवड्यात गल्लीत पांढऱ्या शर्टातला एक माणूस दोनदा दिसला, मोबाइलवर दादूसच्या घराचे फोटो काढताना. माझी खात्रीच पटली. (तो लाद्यांच्या दुकानातला निघाला, पण ते पुष्कळ नंतर.) पापलेटं मात्र मी खाल्ली.

"अगं, तुला न्हाऊ घातलीय दादूसच्या आयनं," आई म्हणाली.

मला वाटलं, हिलाही पटवलंय त्याने.

मी दादूसकडून लिहून घेतलं, की भाडेकरू ठेवणार नाही, जागा बिल्डरला देणार नाही. त्याने तिथल्या तिथे लिहून दिलं. माणूस इतक्या सहज कबूल होतो म्हणजे नक्की कुठेतरी मेख आहे, असं वाटून मी जास्तच भडकले.

"आणि ऊन?" मी विचारलं.

"तूच बग ना, बाय," तो म्हणाला.

मग त्याने दोन बांबू एकाला एक बांधून, दोन मजल्यांच्या उंचीचे, आपल्या भिंतीवर उभे केले. रविवार होता, मे महिना. मी सकाळपासून खडू घेऊन अंगणात बसले. तासातासाला सावलीच्या टोकाशी खूण करायची, म्हणजे कोणी नंतर शब्द फिरवायला नको. आई ओट्यावर बसून सुकलेले बोंबील निवडत होती, मधेच मला सरबत आणून देत होती. दुपारी बांबूची सावली बांबूच्याच पायाशी गोळा झाली. दिवसभरात ती वलांडीला शिवलीसुद्धा नाही. मी विजयाने मान वर केली, तेव्हा दादूस आणि आई एकमेकांकडे बघत होते. ती नजर मी टिपली. पण अर्थ लागेना, आणि हातात पुरावा होता. आईने सही केली.

मजले दिवाळीपर्यंत उभे राहिले. भाडेकरू आले नाहीत, बिल्डर आला नाही.

आली ती थंडी. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलला आणि दादूसच्या घराची सावली भर दुपारी अख्ख्या अंगणावर पडली. दोऱ्यांवरचे बोंबील तिसऱ्या दिवशीही बोटाला ओले लागत होते. कोळ्याच्या घरात जन्मून मी हिवाळ्यातलं ऊन मे महिन्यात मोजलं होतं! लाजेने आणि रागाने माझं डोकं फिरलं. तशीच जाऊन मी दादूसच्या दारात उभी राहिले.

"तुला माहीत होतं. तू मला फसवलंस."

तो माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिला. मागे आई उभी होती.

"त्यानं मना पयलंच सांगितलेलं," ती म्हणाली. "थंडीचं ऊन जाईल म्हनून. प्लॅन घेऊन आला त्याच्याबी आधी."

"मग सही का केलीस?"

"त्याची नऊ मानसं दोन खोल्यांत झोपत व्हती. आन माजी वलांडी अजून किती वरसं? माज्या मागारी कोन सुकवनार? तू?"

मी भांडतच राहिले. "निदान मला तरी सांगायचंस. मी दिवसभर खडू घेऊन बसले होते मूर्खासारखी!"

"सांगितलं असतं तर उठून आत गेली असतीस," आई म्हणाली. "किती वरसांनी बसलीस माज्यासंगं अंगनात."

दादूसने आत जाऊन गच्चीची किल्ली आणली आणि आईच्या हातात दिली. आता थंडीत दोऱ्या तिथे उन्हात बांधतो, पण गच्ची तीन जिने वर आहे. ओझं घेऊन चढणं आईच्या गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून रविवारी टोपली मी वर नेते. ती मागून एकेक पायरी चढत येते. बोंबील दोरीवर टाकताना दोन माशांचे जबडे एकमेकांत अडकवायचे असतात. आई ते न बघता करते. माझी जोडी अजून सुटून खाली पडते. ती उचलते, पुसते आणि पुन्हा माझ्याच हातात देते.