मुशी आणि बांगडा

चंदीगडला आल्यापासून माझं माहेर पार्सलने येतं. आई मालवणहून सुका जवळा पाठवते. जूनच्या सुट्टीत त्यातला मूठभर मी एरोसिटीतल्या आमच्या हॉलमध्ये ताटात पसरला आणि शेजारपाजारच्या मुलांच्या हाती भिंग दिलं. सगळ्यांनी नाकं मुरडली. मग एकीला त्या इवल्याशा कोळंबीचे काळे डोळे दिसले आणि भिंगासाठी मारामारी सुरू झाली. या पोरांच्या लेखी समुद्र म्हणजे मोठा सुखना तलाव, म्हणून मी हा शिकवणीचा घाट घातला होता.

त्यात माझा स्वार्थही होता. लेकीच्या जिवलग मैत्रिणीच्या वडिलांची बदली झाली होती. आम्ही सगळी हवाई दलातली माणसं, बदलीचं कौतुक कुणाला? पण "मला आधी का नाही सांगितलं" म्हणून आमच्या बाईसाहेब रुसल्या. मैत्रीण जायला थोडेच दिवस उरले होते आणि दोघींत अबोला. त्या अशाच दुरावल्या असत्या तर मला फार वाईट वाटलं असतं.

जवळा पाहून झाल्यावर लोकरीचा खेळ मांडला. मुलं गोल उभी राहिली. कुणी पाण्यातलं बारीक शेवाळ, कुणी जवळा, कुणी तारली, कुणी सुरमई. जो ज्याला खातो त्याच्यापर्यंत लोकर न्यायची. मैत्रिणीला मी बांगडा केलं आणि लेकीला मुशी. मुशी म्हणजे शार्क हे कळल्यावर स्वारी जरा खुलली. दोघींमधली लोकर मी मुद्दाम ताणून दिली.

जाळं छान झालं. आता एक प्राणी संपला की कुणाकुणाची लोकर सैल पडते ते दाखवायचं होतं.

"समझो, सारे बांगडे पकड़े गए," मी मैत्रिणीला म्हटलं. "तू छोड़ दे."

ती लोकर घट्ट धरून उभी. मी पुन्हा सांगितलं, आवाज चढवूनच. शिकवताना मला धीर नसतो.

"आई, उसको मत निकालो," लेक म्हणाली. "मैं क्या खाऊँगी?"

"सुरमई खा ले ना," बाकीची पोरं म्हणाली. "तारली भी है."

"नहीं. मुझे यही चाहिए."

मैत्रीण खुदकन हसली. मग लेकही. मला इतका आनंद झाला की पुढचा धडा मी तिथेच सोडून दिला. मुशी काही एवढी चोखंदळ नसते, हे मात्र मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.