सिंकला कशाला व्हॉल्व्ह

"हे कुणी गाढवानं बसवलंय?"

कुठल्याही घरात पाय ठेवला की मिस्त्रीचं पहिलं वाक्य हे. आधी पान्यानं पाइपवर दोनदा टकटक करायचा, मग डॉक्टरसारखा कान लावायचा, मग डोळे मिटून गाढवाची चौकशी. घरातली बाई घाबरायची. तिला वाटायचं, भिंतच पडते की काय. मुलुंडच्या एका सोसायटीत त्यानं असंच विचारलं, तर बाई म्हणाली, "अहो मिस्त्री, गेल्या दिवाळीत तुम्हीच तर बसवलंत." हा हलला नाही. "बरोबर. पण तेव्हा माझ्या हाताखाली कोण होता ते बघा," म्हणाला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

गेल्या दिवाळीत मी त्याच्याकडे नव्हतोच. गिरणीत होतो.

असा एखादा मिस्त्री तुम्हीही बघितला असेल. नसेल तर नशीबवान आहात. संपात गिरणी बंद पडली आणि मी जोगेश्वरीला त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये हाताखाली लागलो. माझी चाळिशी उलटलेली, तो माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. पण मला नावानं कधी हाक मारली नाही. "ए गिरणी" म्हणायचा. इस्त्रीचा शर्ट घालून मोरीच्या कामाला यायचा आणि तो मळू नये म्हणून आत मला घुसवायचा. मी उताणा, तोंडावर घाण पाणी टपकतंय, आणि हा बाहेर स्टुलावर बसून मालकिणीला सांगतोय की पाण्याचं गणित अवघड असतं, सगळ्यांना जमत नाही. मी आतून काही बोललो की उत्तर ठरलेलं. "तू फक्त धर."

तीन वर्षं मी धरलं.

काढलेला जुना माल मिस्त्रीचा, हा आमच्या धंद्यातला रिवाज आहे. त्याला कुणी हरकत घेत नाही. पण याचा जीव पितळेत अडकलेला. चांगला चालणारा कॉकसुद्धा "गेला हा" म्हणून उतरवायचा आणि पिशवीत टाकायचा. देवळातली घंटा त्याच्या हाताला लागली असती तर आटे गेलेत म्हणून तीही काढली असती.

त्याला बायको नव्हती. की होती आणि टिकली नाही, कोण विचारणार. दुपारी गाडीवरचा वडापाव खायचा. हे मी घरी बोललो, ती माझी चूक. दुसऱ्या दिवसापासून माझी बायको डब्यात त्याच्यासाठी दोन भाकऱ्या जास्त घालायला लागली. हा त्या खायचा, बोटं चाटायचा आणि म्हणायचा, "मीठ जरा कमी पडलंय, वहिनींना सांग." मी घरी येऊन तणतणलो. ती हसली.

"मीठ कमी म्हणता म्हणजे चव तरी बघता तो. तुमी कधी बघलात?"

तिला त्याचं काय कौतुक होतं मला कळलं नाही. कळून घ्यायची इच्छाही नव्हती.

आता त्या लाँचचं सांगतो. वेसाव्याच्या एका नाखव्यानं लिलावात जुनी लाँच घेतली होती. कधी काळी साहेब लोकांना फिरवत असावी, कारण आत केबिन होती आणि केबिनमध्ये चक्क स्टीलचं सिंक. नाखव्याच्या मुलीचं लग्न मनोरीला ठरलं होतं. लाँचवर चहापाणी करायचं म्हणून सिंक चालू हवं होतं, आणि ते तर खालून गळत होतं. वेसाव्यातले कारागीर बोटीचं लाकूड जाणतात, इंजिन जाणतात. सिंक म्हटल्यावर त्यांनी सांगितलं, हे बिल्डिंगवाल्याचं काम. म्हणून आम्ही.

आत जेमतेम एक हात जाईल एवढी जागा. पाइप सरळ खाली यायचा सोडून बाकाच्या मागून वळसा घेत होता, तिथून वर चढत होता, मग उतरून बोटीच्या अंगाला पाडलेल्या भोकाशी जात होता. भोकाच्या तोंडाशी मुठीएवढा पितळी व्हॉल्व्ह, खारानं कळंकून आवळून बसलेला. आटे परदेशी. आपल्याकडचा कुठलाही सॉकेट लावा, दीड आट्यावर अडणार.

"हे कुणी गाढवानं बसवलंय?" तो म्हणाला. वर चढणारा पाइप बघून तर त्याला हसू आवरेना. "पाणी काय जिना चढतं होय?"

पाच तास लागले. उताणा कोण होता ते सांगायला नको. वळसे सगळे काढून टाकले, सांध्यांना सुतळी-सफेदा लावून सरळ उताराचा पाइप टाकला. शेवटी व्हॉल्व्ह सुटला, तेव्हा त्यानं तो माझ्या हातातून घेतला आणि तळहातावर वजन केलं. चेहरा असा, जसं पोर झालं.

"मिस्त्री," मी म्हणालो, "तो व्हॉल्व्ह..."

"सिंकला कशाला व्हॉल्व्ह? घाण पाणी बाहेर जातं. बाहेरचं आत येतं का कधी? तू फक्त धर."

माझा मामा देवगडला लाँचवर खलाशी होता. बोटीच्या अंगाला पाण्याजवळ जेवढी भोकं, तेवढ्या भोकांना कॉक असतो, आणि माणसं भरली, बोट खाली बसली की तो बंद करायचा, हे मला चड्डीत होतो तेव्हापासून ठाऊक. पाइप वर का चढवतात तेही ठाऊक, दर्याचं पाणी उलटं आत येऊ नये म्हणून. मी दुसऱ्यांदा तोंड उघडू शकलो असतो. नाखवा दहा पावलांवर उभा होता.

मी धरलं. बरं वाटत होतं मला. म्हटलं, फसू दे. नाखवा बर्फ भरून एक फेरी मारेल, सिंकमधून समुद्र वर येईल, मग हा इस्त्रीचा शर्ट कसा दिसतो ते बघू. त्यानं बादलीभर पाणी सिंकमध्ये ओतलं. रिकामी लाँच धक्क्याला उभी, भोक पाण्याच्या वीतभर वर. भसाभस पाणी बाहेर पडलं. नाखव्यानं खूश होऊन दोघांना लग्नाचं आमंत्रण दिलं.

"बायकापोरांना घेऊन यायचं हाय मिस्त्री. नाय आलात तर परत काम नाय देणार."

बायकोनं ठेवणीतलं लुगडं काढलं. तिचं माहेर कणकवलीच्या आतल्या बाजूला, पाण्याची भीती. "माका पोवाक येणा नाय," असं दोन दिवस म्हणत होती आणि लुगड्याला घड्याही पाडत होती. मी म्हणालो, नको येऊस. कशाला, म्हणाली. ते सांगता येईना. नाखव्याला सांगून येतो, असं मी रोज मनाशी म्हणायचो. वऱ्हाड होड्यांतून जाणार आणि लाँचवर सामान, असं कुणीतरी म्हणालं होतं. त्यावर मी निजलो.

धक्क्यावर पोचलो तर सगळं वऱ्हाड लाँचवर. नाखव्याच्या बहिणीनं माझ्या बायकोचा हात धरून तिला ओढून आत घेतलं. पाणी दिसायला नको म्हणून ती केबिनमध्ये जाऊन बायकांच्या मधोमध बसली. बँड सुरू झाला, इंजिन सुरू झालं. तेव्हाही मी ओरडू शकलो असतो. लाज वाटली. एवढ्या लोकांत सांगायचं काय, मला ठाऊक होतं आणि गप्प बसलो होतो?

मिस्त्रीही आत होता. शर्टावर पाणी उडू नये म्हणून.

मढच्या टोकाला वळसा घातल्यावर बाजूनं सजवलेल्या होड्या आल्या. त्या बघायला सगळे एका अंगाला गेले आणि लाँच कलली. मी केबिनच्या दारात उभा होतो. सिंकमध्ये आधी गुळणी केल्यासारखा आवाज झाला. मग पाणी वर आलं, काठोकाठ आलं आणि फळीवर सांडायला लागलं. हिरवट, खारं.

मिस्त्रीनं ते बघितलं. त्या वेळी त्यानं गाढवाची चौकशी केली नाही. खिशातला रुमाल सिंकच्या भोकात कोंबला, लाटेनं तो वर उडवला. तेव्हा त्यानं बाही वर केली, तळहात भोकावर ठेवला आणि सगळा भार दिला.

मी आत घुसलो. "ओरडून सांगतो नाखव्याला. सगळ्यांना दुसऱ्या अंगाला घेऊ."

"गप," तो पुटपुटला. "ओरडलास तर सगळ्या एकदम धावतील. मग बोट तिकडून पालथी. नाखव्याला कानात सांग. बायकांना सुपारी घ्यायला म्हणून दोघी-दोघी दुसऱ्या अंगाला बोलाव."

एवढी अक्कल त्याच्यापाशी होती हे मला तीन वर्षांत दिसलं नव्हतं.

मी सांगितलं तसं केलं. नाखव्याचा चेहरा पांढरा झाला, पण तो गडी पक्का, हसत हसत सुपारी वाटायला उभा राहिला. लाँच हळूहळू सरळ झाली. तरी एवढ्या माणसांच्या भारानं बाहेरचं भोक पाण्याखालीच होतं, सिंकचा तळही. हात काढला की समुद्र आत. म्हणून तो तसाच उभा, सिंकवर वाकून, मनोरी येईपर्यंत.

"मिस्त्री काय करताव?" नाखव्याच्या बहिणीनं विचारलं.

"हात धुतो."

"येवढा वेळ?"

"तेलकट आहेत."

"नवरी आमची हाय, आंघोळ तुमी करताव," ती म्हणाली आणि केबिनभर बायका हसल्या. माझी बायकोही हसली. फळीवर सांडलेलं पाणी तिच्या लुगड्याच्या काठाला लागलं होतं. तिला वाटलं, मिस्त्रीच्याच हात धुण्याचं. "भावजी, पुरे आता," म्हणाली. हाही हसला. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थेंब थेंब पडत होता आणि तो पुसायला दुसरा हात सुटा नव्हता, त्यानं सिंकचा काठ धरला होता.

मनोरीला माणसं उतरायला लागली. जसजशी उतरली तसतशी लाँच वर आली. सगळ्यात शेवटी त्यानं हात उचलला. तळव्यावर भोकाचं वर्तुळ उमटलं होतं, कातडं पांढरं, सुरकुतलेलं. केबिनमध्ये आम्ही दोघंच.

"तुला ठाऊक होतं," तो म्हणाला. विचारलं नाही, म्हणाला.

मी फळीवरचं पाणी पुसायला खाली वाकलो.

"वहिनी आत बसल्या होत्या रे."

बाही खाली केली, बटण लावलं आणि जेवायला गेला. तिथं पंगतीत, दर्यावर फिटिंग करताना काय काय बघावं लागतं ते चार माणसांना सांगताना मी त्याला ऐकलं. असा तो माणूस. त्याला चांगला म्हणा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. त्याच्या हावरटपणानं चाळीस-पन्नास माणसं बुडाली असती. परतताना नाखव्यानं वऱ्हाड होड्यांत बसवलं आणि लाँच रिकामी आणली. दुसऱ्या दिवशी तो एकटाच वेसाव्याला गेला आणि शर्ट काढून, स्वतः उताणा पडून व्हॉल्व्ह पुन्हा बसवला, हे मला नाखव्याकडून कळलं.

मला त्यानं परत कामाला बोलावलं नाही. मीही गेलो नाही. अंधेरीला एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागलो. डब्यात दोन भाकऱ्या कमी घाल म्हटलं, तेव्हा बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, लुच्चा माणूस आहे, नको त्याची सावली. वर्षभरानं जोगेश्वरीहून जाताना त्याच्या शेडला कुलूप दिसलं. कुणी म्हणालं गावी गेला, कुणी म्हणालं वारला. ज्यानं माझ्या गप्प बसण्याबद्दल वहिनीला एक शब्द सांगितला नाही, त्याची चौकशी करायला मी थांबलो नाही.

यंदा चैत्रात ती गेली. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात तिला जुनं जुनं आठवायचं. एका दुपारी म्हणाली, "तो मिस्त्री त्या लग्नाक इतको वेळ हात कित्याक धुय होतो ओ?"

मी खाटेशी बसलो होतो. शेजारची खाट रिकामी होती. नर्स जेवायला गेली होती. वेळ पुष्कळ होता.

"खुळो होतो तो," मी म्हणालो.

"असात खुळो," ती म्हणाली आणि भिंतीकडे कूस वळवली.