फरशीवरची हाक

मी शिवणकाम करते. पेणच्या बाजारात बरीच वर्षं माझं ब्लाऊज शिवायचं दुकान होतं, आता घरीच मशीन टाकलंय. हे सांगायचं कारण एवढंच की माझा विश्वास फक्त टेपवर. अर्धा इंच इकडचा तिकडे झाला की गिऱ्हाईक येऊन बोंब मारतं, तिथे ‘मला वाटलं’, ‘भास झाला’ असलं काही चालत नाही. गावात कुणाच्या अंगात आलं की पहिली उठून घरी जाणारी मी. या ग्रुपवरचे अनुभव वाचते, पण खरं सांगू? निम्म्या वेळा हसते. रागावू नका. पण एक गोष्ट माझ्या स्वतःच्या घरात घडली आहे आणि ती अजून कुठल्याच मापात बसलेली नाही... म्हणून आज एका बोटाने टाइप करत बसले आहे.

आमचं गाव जिते स्टेशनपासून जवळ. आईवडील लवकर गेले. मोठा नामदेवदादा, मधला म्हादू आणि धाकटी मी. दादाने आम्हा दोघांना वाढवलं. शेती भाताची, आणि भात निघालं की वाल. ‘बायचं लगीन होऊदे, मग माझं बघू’ असं म्हणत तो बसला आणि तसाच राहिला.

म्हादू जन्मापासून बहिरा. त्यामुळे बोलणंही नाही. पण घरात आमची आपली खुणांची भाषा होती. मिशीवरून बोट फिरवलं की दादा. चिमटीत सुई धरल्यासारखं केलं की मी. आणि त्याला हाक कशी मारायची? तर जमिनीवर टाच आपटून. दादा खळ्यावर उभा राहून दोनदा टाच आपटायचा, जरा थांबून तिसऱ्यांदा. धप्-धप्... धप्. म्हादू परसात असो नाहीतर बांधावर, हातातलं टाकून यायचा. गंमत म्हणजे मी आपटली तर ढिम्म हलायचा नाही. मी चिडून म्हणायचे, ‘‘माझा पाय काय कापसाचा हाय काय?’’ दादा हसायचा. ‘‘तुझा पाय हलका गो बाय. त्याला माझा वळखू येतो.’’

तेव्हा आमच्याकडची रेल्वे रोह्यापर्यंत नुकतीच सुरू झाली होती. म्हादूला गाडीचं वेड लागलं. सगळे गाडी बघायला जायचे, हा गाडी अंगात घ्यायला जायचा. रुळावर तळवा ठेवून बसायचा आणि गाडी कुठेच दिसत नसताना तोंड भरून हसायचा – येतेय! त्याला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी ‘ऐकू’ येत होतं, असं मला वाटतं. दादाने किती वेळा दटावलं. एक दिवस हा बाबा चक्क रुळावर गाल टेकून आडवा झाला आणि गाडी येईपर्यंत उठलाच नाही. दादा धावला, शर्टाला धरून त्याला खेचलं, शर्ट टरकन फाटला, आणि गाडी धडधडत निघून गेल्यावर दादाने त्याच्या कानफटात एक ठेवून दिली. आयुष्यात पहिली आणि शेवटची. दादा स्वतःच थरथरत होता. स्टेशनवरच्या सगळ्यांनी मात्र चपराक तेवढी बघितली.

म्हादू रडला नाही. मान खाली घालून चालायला लागला. संध्याकाळी घरी आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. नातेवाईकांकडे शोधून झालं, डोंगरातल्या वाड्या शोधून झाल्या. मग पुलाजवळ नदीकाठी त्याचा फाटका शर्ट सापडला. मीच शिवलेला होता, काजाची टीप बघून ओळखला.

तो शर्ट घेऊन दादा आपल्या पायांनी चौकीत गेला, भाऊ हरवलाय म्हणून खबर द्यायला. चौकी कुठली ते लिहीत नाही. ती इमारत आता नाही, माणसंही गेली, त्यांची मुलंबाळं आहेत. आमच्याकडून रोह्याला जाताना वाटेतल्या एका गावात होती, एवढं पुरे. ज्याने खबर दिली त्यालाच त्यांनी आत बसवलं. गावातून कुणीतरी स्टेशनवरची चपराक सांगितली होती. वर जमिनीत म्हादूचा अर्धा हिस्सा. झालं, फौजदारांना गोष्ट तयार मिळाली. कागदावर अटक नव्हती. ‘चौकशीला बसवलाय’ म्हणायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरी पण झालेली नव्हती.

मी रोज भाकरी घेऊन जायचे. पहिले काही दिवस दादा चिडलेला होता. ‘‘मी कशाला करीन? माझा भाव हाय तो!’’ मग चिडणं बंद झालं. मग बोलणं बंद झालं. एकदा त्याला नदीवर नेलं, कुठे ढकललंस दाखव म्हणून. त्याने पूल दाखवला. कोळ्यांकडून पाण्यात शोध घेतला, काही मिळालं नाही. परत आणून परत तेच. दुसऱ्या खेपेला त्याने वरचा डोह दाखवला. ज्याला ठाऊकच नाही तो दाखवणार काय? पण प्रत्येक वेळी चुकीची जागा दाखवली म्हणून मार वेगळा.

त्या दिवशी संकष्टी होती. मला उपास होता म्हणून पक्कं लक्षात आहे. दुपारी गेले तर एका वयस्क हवालदाराने मला हळूच बाजूला घेतलं. ‘‘बाई, उद्या याला कोर्टात नेणार. तिथं साहेबासमोर कबूल केलं की संपलं. बघा काय बोलायचं ते बोलून घ्या.’’ आणि त्याने मला गजापर्यंत जाऊ दिलं.

दादा भिंतीला टेकून बसला होता, पाय पुढे पसरून. तळवे... मी वर्णन करत नाही. सुजून काळे पडले होते. उभं राहता येत नव्हतं.

मी म्हटलं, ‘‘दादा, उद्या खरं सांग. सांग, मी नाय केलं म्हणून.’’

त्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, ‘‘बाय, मीच केलंय गो.’’

‘‘काय बोलतोस?’’

‘‘मीच ढकलला असंल. येवढी माणसं सांगतात ती काय खोटं सांगतील? मला आता दिसतंय. पूल दिसतोय, त्याची पाठ दिसतेय. माझा हात दिसतोय.’’

मार खाऊन माणूस खोटं कबूल करतो हे मला समजत होतं. पण तो खोटं बोलत नव्हता हो. त्याला ते खरंच वाटायला लागलं होतं. ज्या माणसाने स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून आम्हाला वाढवलं, तो माझ्या डोळ्यांत बघून सांगत होता की मी भावाला बुडवलं. त्याहून भयंकर मी आजवर काही ऐकलेलं नाही. भुताखेताच्या गोष्टी त्यापुढे पोरखेळ.

मला रडू यायच्या ऐवजी राग आला. माझा स्वभावच तसा. मी गज धरून ओरडले, ‘‘तो मेला काय? मग मार हाक! तुझ्याच हाकेला येतो ना तो? माझ्या तर येत नाय! मार हाक, बघू दे मला नाय आला तर!’’

हवालदार ‘बाई, बाई’ करत आला. दादाने पायांकडे बघितलं. टाच उचलायचा प्रयत्न केला, पण टेकवता येईना. मग तो कुशीवर झुकला आणि फरशीवर हाताचा तळवा आपटला. दोनदा. थांबला. मग तिसऱ्यांदा. आवाज तरी कसला... ओलं फडकं टाकल्यासारखा. मग तिथेच, फरशीवर हात तसाच ठेवून, लहान पोरासारखा रडला. मी बाहेर आले. त्या रात्री जवळच्या एका ओळखीच्या बाईंकडे राहिले, कारण सकाळी कोर्टात त्याच्यासोबत जायचं होतं.

सकाळी चौकीच्या पायरीवर बसले होते. जीप लावलेली होती. दादाला दोघांनी धरून बाहेर आणलं. आणि रस्त्याच्या वळणावरून म्हादू आला.

अनवाणी. अंगात कुणाचा तरी मोठा खाकी सदरा, केसांत भाताचा कोंडा. मी हाक मारली, पण त्याला काय ऐकू येणार होती! त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. फाटकाशी थांबला, वाकून जमिनीवर हात ठेवला, आणि सरळ दादापाशी गेला. पोलीस बघत राहिले. म्हादूची नजर दादाच्या पायांवर गेली. तो खाली बसला आणि दोन्ही पाय उचलून त्याने स्वतःच्या मांडीवर घेतले.

दादा त्याच्या तोंडावरून हात फिरवत होता आणि फौजदारांना म्हणत होता, ‘‘साहेब, ह्यो हाय काय हो? तुम्हाला पन दिसतोय काय?’’

पुढचं थोडक्यात सांगते. त्या दिवशी कोर्ट झालं नाही. ‘गैरसमज झाला’ म्हणाले. कुणी माफी मागितली नाही, आम्हीही भांडलो नाही. वयस्क हवालदाराने तेवढी जीप करून घरापर्यंत सोडलं.

घरी मी म्हादूला खुणेने विचारलं, कसा आलास? त्याने मिशीवर बोट फिरवलं – दादा. मग जमिनीकडे बोट. मी समजले आणि टाच आपटून दाखवली, अशी हाक आली? तो मानेने नाही म्हणाला. माझा पाय बाजूला सारला, खाली बसला आणि जमिनीवर तळवा आपटला. दोनदा. थांबून एकदा.

दादाने जन्मात कधी त्याला हाताने बोलावलं नव्हतं. आणि फरशीवरचा तो हात बघायला माझ्याशिवाय एक हवालदार तेवढा होता.

नंतर दादा चालायला लागल्यावर म्हादूच आम्हाला वाट दाखवत रोह्याला घेऊन गेला. म्हादू रागाच्या भरात शर्ट भिरकावून गाडीत चढला होता आणि गाडी संपली तिथे उतरला होता. तिथल्या एका पोह्यांच्या गिरणीत तो रमला. गिरणी चालली की जमीन हलते ना, म्हणून! गिरणीवाल्या काकींनी त्याला जेवायला घातलं, सदरा दिला. कुठला, कुणाचा, हे त्याला सांगता येईना आणि त्यांना कळेना. मी विचारलं, गेला कधी? काकी म्हणाल्या, ‘‘संकष्टी होती बघा. माझा उपास, पण याला जेवायला वाढलं होतं. दुपारची लाइट गेलेली, गिरणी बंद. येकदम ताट सारलं यानं. भुईवर हात ठेवला. मला वाटलं भूकंप झाला का काय! पण भांडं हललं नाय. उठला नि रुळाच्या दिशेनं पळत सुटला. मागं बघितलं पन नाय.’’

आता मी माझी टेप लावते. योगायोग? असेल. तो घरीच निघाला असेल? रूळ धरून चालत आला तर ते गाव वाटेतच लागतं, हे मला मान्य. पण मग रूळ सोडून, गावात शिरून, कधी न बघितलेल्या चौकीच्या फाटकाशी तो कसा थांबला? आणि टाच सोडून हात? इथे माझी टेप संपते.

एक गोष्ट मात्र लोकांना वाटते तशी झाली नाही. निर्दोष सुटला की माणूस सुटला, असं नसतं. दादाच्या डोक्यातून तो पूल गेलाच नाही. म्हादू समोर बसून वाल सोलत असायचा आणि दादा मला हळूच विचारायचा, ‘‘बाय, मी त्याला ढकलला नव्हता ना गो?’’ मी म्हणायचे, ‘‘अरे, तो काय बसलाय!’’ त्याचं समाधान व्हायचं नाही. मग तो जमिनीवर हात आपटायचा. टाच त्याने पुन्हा कधी आपटली नाही. म्हादू उठून यायचा, त्याच्या छातीवर हात ठेवून बसायचा. तेवढ्याने दादा शांत व्हायचा.

शेवटच्या आजारपणात दादा पुन्हा त्या चौकीत गेला. म्हणजे होता घरीच, गादीवर, पण मनाने तिथे. ‘‘साहेब, सांगतो. मीच केलं,’’ म्हणायचा आणि गादीवर हात टाकायचा. कापसाची गादी, हातात जीव नाही. शेजारी बसून मला ऐकू येत नव्हतं. पण म्हादू प्रत्येक वेळी परसातून आला. एकदाही चुकला नाही. दादा गेला तेव्हा म्हादूचा हात त्याच्या छातीवरच होता.

आता आम्ही दोघंच. मी शिवत असते, म्हादू शेजारी बसलेला असतो. मधेच तो मला खूण करतो, मशीन थांबव. मी थांबवते. तो जमिनीवर तळवा ठेवतो, बराच वेळ ठेवतो. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहते. मग तो मान हलवतो – नाही. हाक नाही.

आधी मला वाईट वाटायचं. आता वाटत नाही. हाक नाही, म्हणजे दादाला आता कुणी काही विचारत नाही. मी दोरा ओवते आणि पुन्हा मशीन सुरू करते.