आवाज हाय ना?

तांडेल मॅडमचं अकाउंट आज मी बंद केलं.

मॅडम परवा गेल्या. हार्ट अटॅक. घरीच, सारसोळ्याला. आज ऑफिसचा मेल आला की नियमाप्रमाणे त्यांचा लॉगिन बंद करावा. कॉलेजचं पोर्टल मी सांभाळतो, त्यामुळे हे काम माझंच.

मला रडू आलेलं नाही. काही वाटतच नाहीये, हे खरं. कालपासून फक्त कामं करतोय.

ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी: वनिता तांडेल, आमच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायच्या. मी कॉम्प्युटरचा, त्यांच्याहून बराच लहान. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी. डब्यातला जवळा त्या न विचारता माझ्या पोळीवर वाढायच्या.

वर्गात मॅडम फार जपून बोलायच्या. नोकरीला लागल्या तेव्हा त्या एकदा ‘पानी’ म्हणाल्या आणि स्टाफरूममध्ये कुणीतरी हसलं. तेव्हापासून कॉलेजात कायम ‘पाणी’, कायम ‘आहे’. गेटबाहेर पडून घरी फोन लावला की मग ‘हाय’ आणि ‘नाय’ सुरू.

कोविडमध्ये सगळ्यांनाच लेक्चर रेकॉर्ड करावी लागली. मॅडमनी घरच्या ओट्यावर मसाल्याच्या बरणीला मोबाइल टेकवला आणि ‘सोल्यूशन्स’ हा चॅप्टर घेतला. वडील मिठागरावर कामाला होते, त्यामुळे मीठ कधी विरघळतं आणि कधी खाली बसतं हे त्या एखाद्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसं सांगत होत्या.

पण बोलायचं घरातूनच ना. जीभ सैल सुटली. अख्ख्या लेक्चरभर ‘पानी’ आणि ‘हाय’.

आणि सुरुवातीलाच कॅमेऱ्याकडे बघून विचारलं, “आवाज हाय ना?”

मग थांबल्या. समोर खरंच कुणी बसलंय आणि आता उत्तर देणार, अशा थांबल्या.

मी फोन करून सांगितलं, मॅडम, हे रेकॉर्डिंग आहे, लाइव्ह नाही. उत्तर कोण देणार? तेवढं सुरुवातीचं कापून टाकतो.

“म्हनून काय विचारायचं पन नाय?”

ठेवलं तसंच.

दोन-तीन दिवसांनी त्यांचाच फोन आला. स्वतःचं लेक्चर पहिल्यांदा ऐकलं होतं. आवाज एकदम उतरलेला. म्हणाल्या, ते काढून टाक निखिल, पोरं हसतील, मी नीट बोलून परत करते. मी बरं म्हटलं आणि काढायला गेलो.

खाली एकच कमेंट होती. दर्शना म्हणून एका मुलीची. जासईची, कंटेनर यार्डाच्या बाजूला घर, नेटवर्कच्या नावाने शंख.

कमेंट एका शब्दाची: हाय.

आता मी सानपाड्यात फ्लॅटमध्ये वाढलेला माणूस. मी आपला हजरजबाबी. लगेच लिहिलं, ‘हॅलो दर्शना, डाउट असेल तर विचार.’



काढून टाकण्याआधी मॅडमना सांगितलं की एका मुलीने नुसतं हाय केलंय, पुढे काही विचारतच नाही. मॅडमनी स्क्रीनशॉट मागवला. मग फोनवर इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

“अरं, ती हॅलो नाय करत. मी विचारलं ना, आवाज हाय ना? ती सांगते, हाय.”

मग तो एक शब्द त्यांनी पुन्हा स्वतःशीच वाचला.

“राहू दे ते. नको काढू.”

नंतर कळलं, दर्शनाकडे व्हिडिओ सारखा अडकायचा. चित्र थिजलेलं, आवाज तेवढा चालू. त्यानंतर मॅडमनी माझ्या मागे लागून प्रत्येक लेक्चरची नुसत्या आवाजाची छोटी फाइल वेगळी करून घेतली. जे चित्रात दिसणार ते तोंडानेही सांगायचं, अशी शिस्तच लावून घेतली. “आता मी बीकर उचलते. आता पानी ढवळते.” आम्हा बाकीच्यांना ऑनलाइन शिकवण्याच्या ट्रेनिंगमध्ये जे कळलं नव्हतं ते त्यांनी त्या एका कमेंटवरून उचललं.

कॉलेज उघडल्यावरही ती पद्धत राहिली. लेक्चर घरी ऐकून यायचं, वर्गात फक्त अडलेलं सोडवायचं. आणि मॅडम वर्गातही ‘हाय’ म्हणायला लागल्या. कुणी हसलं नाही. पोरं कॉरिडॉरमध्ये हात हलवून “हाय मॅडम” करायची आणि त्या म्हणायच्या, “हाय बाबा, हितंच हाय.”

हितंच.

तर आजचं काम. लॉगिन बंद केला की त्या माणसाची सगळी लेक्चर पोर्टलवरून जातात. ती ठेवायची तर दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर करावी लागतात. दुसरा उपाय मला सापडला नाही. म्हणून सगळी माझ्या नावावर घेतली.

यापुढे ‘सोल्यूशन्स’ उघडाल तर वर माझं नाव दिसेल. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. ती लेक्चर तांडेल मॅडमची आहेत. ही पोस्ट मुख्यतः एवढं सांगायला लिहिली.

फाइल नीट आली का, हे तपासायला पहिलं लेक्चर लावलं. कडेला मसाल्याची बरणी अर्धी दिसते. मॅडम पदर सारखा करतात, कॅमेऱ्याकडे बघतात.

“आवाज हाय ना?”

आणि थांबतात.

खाली परवापासून नव्या कमेंट आल्यात. जुनी पोरं, आताची पोरं. सगळ्यात वर दर्शना, ती आता स्वतः ज्युनियर कॉलेजात शिकवते. कुणी श्रद्धांजली लिहिलेली नाही, फुलं टाकलेली नाहीत. सगळ्यांनी एकच शब्द लिहिलाय.

मी व्हिडिओ तिथेच थांबवून ठेवलाय.

वनिता तांडेल मॅडम, तुम्हाला शेवटचा नमस्कार.

हाय मॅडम. आवाज हाय.