आबांचा विळा आणि मोरचूद

मी वाईची, शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी. लग्न होऊन पलूसला द्राक्षबागेत आले आणि सासऱ्यांशी, आबांशी, पहिला खटका उडाला तो मोरचुदावरून. मी म्हणायची कॉपर सल्फेट. फेरस सल्फेट म्हटलं की आबा म्हणत, "हिराकस म्हण की. आमी त्याचीच शाई करून शाळा शिकलोय." शिकलेपणाची मिजास मला होतीच, खोटं कशाला बोलू?

नवरा फौजेत. एका वर्षी छाटणीनंतर ढगाळ हवा धरली आणि कोवळ्या पानांवर डाऊनीचे, म्हणजे केवडा रोगाचे डाग दिसायला लागले. त्यावर मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारायचं, ते आबांनी आणि मी. मी तराजू घेऊन बसले. दोनशे लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. प्लॅस्टिकच्या पिंपात ढवळून झालं तसा आबांनी लोखंडी विळा आत बुडवला.

"अहो आबा, काटेकोर मोजलंय मी. हे कशाला आता?"

त्यांनी थोड्या वेळानं विळा काढला. पात्यावर तांब्याची लाली चढली होती. म्हणजे चुना कमी, द्रावण आंबट. ते फवारलं असतं तर कोवळा पाला करपून वर्षाचं पीक गेलं असतं.

"तुजं गणित बरोबर हाय पोरी," आबा म्हणाले. "चुना मेलाय."

चुन्याचं पोतं पावसाळाभर उघडं राहिलं होतं, ओल्या हवेनं चुन्याचा जोर गेला होता. ते उघडं टाकणारी मीच. ताजा चुना आणून, विळा स्वच्छ निघेपर्यंत आम्ही तो थोडा थोडा घालत राहिलो.

संध्याकाळी डेअरीवर आबा चारचौघांना सांगत होते, "चुना खराब हाय हे आमच्या सुनंनं वळखलं. बाग वाचली बघा." मी मागं किटली घेऊन उभी. मला तिथंच रडू फुटलं.

आता आबांना दिसत नाही. माझ्याकडं पीएच मोजायचं यंत्र आहे, तरी विळा मी बुडवतेच. ते बांधावर खुर्ची टाकून बसलेले असतात.

"लाल झालाय का गं?"

"नाही आबा. आहे तसाच आहे."

"नीट बघितलंस न्हवं?"

"बघितलं."

"मग मार," ते म्हणतात. विळा हातात मागत नाहीत.