फक्त आजोबांना दिसणाऱ्या रेघा

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही मला विचारलंत, की व्हर्च्युअल, ऑगमेंटेड आणि मिक्स्ड रिॲलिटी यांत नेमका फरक काय. धाकट्याला शाळेत प्रकल्प करायचा आहे, आणि तुमच्या आईने सांगितलं म्हणे, "आजीला विचारा, तिने तिन्ही पाहिलीत." मी लिहून पाठवते म्हटलं. मी फोनवर बोलत होते तेव्हा आजोबा समोरच बसले होते आणि त्यांच्यासमोर मला ते सांगायचं नव्हतं.

मी ती तिन्ही आजोबांच्या पायांमुळे पाहिली. तेव्हा आधी पायांचं सांगते.

आजोबांना पार्किन्सन आहे हे तुम्हाला माहीत आहे. हात थरथरतात ते तुम्हाला फोनवर दिसतं. पाय दिसत नाहीत. चालता चालता त्यांचे पाय जमिनीला चिकटतात, कुणी खिळे ठोकल्यासारखे. दाराच्या चौकटीत हे हमखास होतं, आणि वळताना. अंग पुढे निघतं, पाय मागे राहतात, आणि मग पडायची भीती. इथे कॅनडात, आमच्या ग्वेल्फच्या घरात बेडरूमपासून वॉशरूमपर्यंत अकरा पावलं आहेत आणि मध्ये एक वळण. घरी येणाऱ्या नर्सबाईंनी एका सकाळी स्वच्छ सांगितलं, की ही अकरा पावलं ते स्वतःची स्वतः चालू शकत असतील तर घरी राहता येईल. नसतील तर केअर होमसाठी अर्ज करावा लागेल, कारण माझी कंबर अशी, मी त्यांना उचलू शकत नाही. आजोबा एवढंच म्हणाले, "मी कुठेही जाणार नाही." त्या वर्षभरात जे जे केलं ते त्या अकरा पावलांसाठी होतं.

आमच्या डॉक्टरांनी एक गंमत दाखवली होती. आजोबा दवाखान्यात असेच अडकून उभे राहिले, तेव्हा डॉक्टरांनी कोपऱ्यातली काठी आणून त्यांच्या पायापुढे आडवी ठेवली. आजोबांनी पाय उचलला आणि काठी ओलांडून सरळ चालू लागले. नुसतं "चला" म्हटलं तर पाय ऐकत नाही, पण ओलांडायला समोर काही दिसलं तर ऐकतो. मी घरी येऊन पॅसेजमध्ये पांढऱ्या चिकटपट्टीच्या रेघा मारल्या, फूटपट्टीने मोजून. तीन आठवडे छान गेले. मग नजरेला सवय झाली आणि पाय पुन्हा चिकटायला लागले.

म्हणून डॉक्टरांनी आम्हाला तासाभराच्या अंतरावरच्या एका संशोधन केंद्रात पाठवलं. दोन मुलाखती झाल्या की प्रयोगात घेणार होते, आणि प्रयोग नीट पार पडला तर ते उपकरण वर्षभर घरी वापरायला देणार होते. संमतीपत्र चौदा पानांचं होतं. मी लायब्ररीत अठ्ठावीस वर्षं काम केलेली बाई, पेन्सिल घेऊन पानन् पान वाचलं. प्रयोगादरम्यान एकदा जरी रुग्ण पडला तरी त्याला त्याच दिवशी थांबवण्यात येईल, ही ओळ सहाव्या पानावर होती. मी तिच्याखाली रेघ मारली होती आणि पानाखाली आजोबांच्या सहीशेजारी माझीही सही केली होती.

तिथे आमचं सगळं पाहणारी संशोधक नागपूरची होती. पस्तिशीची, चष्मा डोक्यावर सरकवून बोलणारी. पहिल्याच दिवशी तिने आडनावावरून आम्ही मराठी असल्याचं ओळखलं आणि म्हणाली, "काका, इथे सगळ्यांशी इंग्रजीत कुरकुरावं लागतं. माझ्याशी मराठीत कुरकुरलात तरी चालेल."

आजोबा म्हणाले, "नागपूरच्या मराठीत की आमच्या?"

"जी जमेल ती. पण हिंदी घुसली तर हसायचं नाही."

पहिल्यांदा व्हर्च्युअल. डोळ्यांवर एक जाड खोकं बांधलं, कमरेला पट्टा अडकवला आणि त्यांना ट्रेडमिलवर उभं केलं. खोक्याच्या आत एक बाग होती, वाटेवर लाकडाच्या फळ्या होत्या आणि त्या ओलांडत जायचं होतं. व्हर्च्युअलमध्ये खरी खोली पूर्ण नाहीशी होते, पोरांनो. भिंती, माणसं, मी, सगळं. आजोबांनी खाली मान घातली आणि विचारलं, "माझे पाय कुठे गेले?" संशोधक म्हणाली, काका, पाय दाखवायची सोय अजून केलेली नाही. "मग चालायचं कोणी?" असं ते म्हणाले आणि लगेच त्यांना मळमळू लागलं. ज्या माणसाचा सगळा प्रश्न पायांचा, त्याचे पायच त्या बागेत नव्हते.

दुसऱ्यांदा ऑगमेंटेड. ऑगमेंट म्हणजे आहे त्यात भर घालणं. त्यासाठी साधा टॅब्लेट होता. कॅमेऱ्यातून समोरची खरी जमीन पडद्यावर दिसायची आणि तिच्यावर हिरवी रेघ काढलेली असायची. त्या उन्हाळ्यात इथली मुलं फोन समोर धरून बागेत काल्पनिक प्राणी पकडत फिरत होती, तसंच हे. खोली नाहीशी होत नाही, पाय दिसतात, पण रेघ पडद्यावर असते, जमिनीवर नसते. आजोबांचे हात थरथरले की टॅब्लेट थरथरायचा आणि रेघ जमिनीवरून घसरायची, कधी खुर्चीवर, कधी माझ्या बुटांवर. "ही रेघ तुझ्याच मागे लागली आहे," ते मला म्हणाले. एका हातात काठी, दुसऱ्यात टॅब्लेट. तेही सुटलं.

तिसरं मिक्स्ड. तो चष्मा होता, चांगला जड, नाकावर वळ उठायचे. काचेतून खरी खोली तशीच दिसते, आणि चष्म्यातले कॅमेरे ती खोली मापून घेतात. जमीन कुठे आहे, टेबल कुठे, भिंत कुठे, हे त्याला कळलेलं असतं. म्हणून त्याने जमिनीवर काढलेली रेघ जमिनीवरच राहते. तुम्ही डोकं हलवा, वळा, परत या, ती जागची हलत नाही. टेबलाच्या पायामागे गेली तर टेबलाचा पाय तिला झाकतो. मी घालून पाहिला तेव्हा वाकून त्या रेघेला हात लावायला गेले आणि संशोधक हसली. दोष एवढाच, की चित्र मधल्या छोट्या चौकोनातच दिसायचं, टपालपेटीच्या फटीतून पाहिल्यासारखं.

आणि ही रेघ कायम नसायची. आजोबांचे पाय अडखळले की चष्म्याला कळायचं आणि तेवढ्यापुरतीच ती उमटायची, त्यामुळे नजरेला सवय होत नसे. आजोबा त्या खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. एकदा नाही, सहा वेळा. बाकी कुणालाच काही दिसत नव्हतं. रिकाम्या करड्या गालिच्यावर एक म्हातारा काहीतरी ओलांडत चालला होता, आणि मी भिंतीशी पर्स घट्ट धरून उभी होते.

घरी येताना गाडीत ते स्वतःहून बोलले. "तो चष्मा मिळाला तर मी सकाळी एकटा उठेन. तू झोपून राहा."

मी म्हटलं, "मला झोप येते कुठे?"

"तेच म्हणतोय. कान लावून पडलेली असतेस."

अडचण राहिली फक्त वळणाची. सरळ जाताना रेघ पुरायची, पण वळताना कुठला पाय आधी टाकायचा हे रेघेला सांगता येत नाही, आणि आमच्या पॅसेजमध्ये वळण होतं. केंद्रातल्या लोकांनी वळणावर पावलांचे ठसे दाखवायचं ठरवलं, डावं, उजवं, डावं. पण ते ठसे बुटांचे होते, काळे, तळव्याची नक्षी असलेले. आजोबा त्यांच्याकडे चिखल पाहिल्यासारखे पाहायचे. मी संशोधकाला म्हटलं, "घरात कुणी बूट घालून चालतं का? अनवाणी पाय काढा."

ती म्हणाली, "काकू, तुम्हीच काढून द्या. इथे कोणाला चित्र येतं?"

मी घरी आले, कागद घेतला आणि न अडखळता दोन पावलं काढली. एक उभी वळणदार रेघ आणि वर पाच ठिपके, दुसरं त्याचं उलट. लहानपणापासून हात तोच आकार काढत आला आहे, मला विचारही करावा लागला नाही. संशोधकाने तो कागद पाहिला आणि म्हणाली, "वा काकू, लॅबमध्ये दिवाळी आली." तिच्या वरिष्ठांनाही ते आवडलं, रुग्णाच्या ओळखीचं चिन्ह आहे म्हणून. तिने ती पावलं पांढऱ्या रंगात चष्म्यात भरली. आम्ही दोघी मराठी बायका. दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही.

शेवटच्या चाचणीच्या दिवशी दोन कॅमेरे लावले होते. आजोबा रेघेवर रेघ ओलांडत वळणापर्यंत उत्तम आले. त्यांना जे दिसत होतं ते मला लॅपटॉपवर दिसत होतं. वळणावर करड्या गालिच्यावर माझी पांढरी पावलं उमटली. आजोबा थांबले.

"काका, डावा पाय. पावलावर ठेवा," संशोधक म्हणाली.

"ही कुणी काढली?"

"काकूंनी. ठेवा ना."

त्यांनी डावा पाय उचलला, तो तसाच हवेत राहिला आणि परत खाली आला. मग मला वाटतं त्यांनी पावलांच्या बाजूने जायचं ठरवलं. त्यांनी मोठी ढांग टाकली, पावलं चुकवून, भिंतीच्या बाजूला. ज्या माणसाला छोटं पाऊल टाकता येत नाही तो ढांग टाकायला गेला. शेजारी चालणाऱ्या केंद्रातल्या मदतनिसाने त्यांच्या कमरेचा पट्टा धरला होता म्हणून डोकं आपटलं नाही. पण गुडघा टेकला, आणि मग हात.

लॅपटॉपवर माझी पावलं अजून होती, त्यांच्या हाताच्या अगदी शेजारी. हातसुद्धा त्यांनी त्यांवर पडू दिला नव्हता.

मी फक्त एक प्रश्न विचारला, गुडघा टेकणं हे पडण्यात मोजतात का. संशोधकाने आधी वरिष्ठांकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे. "काकू, मोजतात," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. सहाव्या पानाखाली माझी सही होती. तिने चष्मा काढून घेतला, पेटीत ठेवला आणि पेटीची दोन्ही कुलुपं लावली.

गाडीत मला राहवलं नाही. "पाय ठेवायचा होता ना. प्रकाश होता तो नुसता."

"लक्ष्मीची पावलं होती ती."

"तुम्ही जन्मात कधी देवाला हात जोडलेत?"

"हात जोडायला सांगितलं असतंस तर जोडले असते," ते म्हणाले. "तू पाय ठेवायला सांगितलंस."

ते चिडून बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "मी ठेवणार होतो. पायानेच ऐकलं नाही. आधी जसं ऐकत नाही तसंच, पण या वेळी मला त्याचं पटलं."

मी केंद्राला पत्र लिहिलं, पुन्हा एक संधी द्या, चूक माझ्या चित्राची आहे, त्यांची नाही. उत्तर फार सभ्य आलं. नियम सगळ्यांना सारखा, आणि आमच्या सहभागाबद्दल आभार. तो चष्मा तेव्हा साध्या माणसाला दुकानात विकत मिळत नव्हता. नागपूरची संशोधक एकदा घरी येऊन गेली, तिने पॅसेजमध्ये जमिनीवर रेघ टाकणारी लेझरची काठी वगैरे करून पाहिलं. काही दिवस चाललं, काही दिवस नाही. नंतर तिला व्हँकुव्हरला नोकरी लागली.

तुमच्या आईला मी एवढंच सांगितलं होतं, की आजोबा पडले आणि प्रयोग थांबला. पावलं मी काढली होती हे सांगितलं नाही. आता हे तीच तुम्हाला वाचून दाखवेल, तेव्हा तिलाही कळेल. कळू दे.

केअर होमचा अर्ज मागच्या महिन्यात भरला. आजोबांनी सही केली, कुठे करायची तेवढं विचारून. यादीत नंबर लागला की फोन येईल आणि एका दिवसात हो किंवा नाही सांगायचं. मी फोनजवळ कागद-पेन ठेवलं आहे. काय लिहायचं ते माहीत नाही, पण ठेवलं आहे.

धाकट्याने प्रकल्पात असं लिहावं: व्हर्च्युअलमध्ये जग नाहीसं होतं. ऑगमेंटेडमध्ये जगाच्या चित्रावर आणखी एक चित्र येतं. मिक्स्डमध्ये त्या चित्राला जग कळतं, जमीन कळते, टेबल कळतं. जो ते पाहतो आहे तो कोण, हे तिन्हींपैकी कशालाच कळत नाही, पण हे शाळेत लिहायची गरज नाही.

आज सकाळी ते वळणावर अडकले. अशा वेळी ओढायचं नाही, ढकलायचं नाही, घाई करायची नाही, असं आम्हाला शिकवलं आहे. म्हणून मी शेजारी उभी राहिले. खिडकीबाहेर शेजारच्या घरातला माणूस त्याच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढत होता, त्याचा खरखर आवाज येत होता.

"तू जा," ते म्हणाले. "तुझा चहा उतू जाईल."

"चहा ठेवलाच नाहीये अजून."

"मग ठेव जा."

"तुम्ही चला, मग ठेवते."

त्यांनी पायाकडे पाहिलं, मीही पाहिलं. वॉशरूम तिथून चार पावलांवर होती. शेजाऱ्याचा ड्राइव्हवे साफ करून झाला, आवाज थांबला, आणि आम्ही अजून तिथेच उभे होतो.